कोईची अंडी अखेर वाचली

खानापुरातील आमच्या परसातल्या हौदात कोई या शोभेच्या रंगीत माशांनी सलग दोन वर्षे अंडी घातली, परंतु पिल्लू एकही दिसले नाही; दोष पाण्याचा नव्हता, नर-मादीच अंडी फस्त करीत होते. यंदा अंडी चिकटावीत म्हणून काथ्याच्या सुंभाचे झुबके उकळून, धुऊन हौदात सोडले. पहाटे नरांनी मादीमागे केलेल्या धावपळीनंतर झुबक्यांवर मोहरीएवढी, चिकट, पारदर्शक अंडी दिसताच झुबके हौदाच्याच पाण्याने भरलेल्या टबात हलविले, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन मला नको होते. हवेचा पंप मंद ठेवला. बुरशीने पांढरी पडलेली अंडी चिमट्याने काढली (कंटाळवाणे काम!). चौथ्या दिवशी टबाच्या कडेला पापणीच्या केसांसारखी पिल्ले चिकटलेली होती. ती पोहू लागल्यावरच उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून चिमूटभर दिला.