हॉटस्पॉटवर विंडोज अपडेट डेटा खातंय? हे करा

लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला की विंडोज गुपचूप अपडेट ओढायला लागतं आणि दिवसाचा १.५ जीबी दुपारच्या आतच संपतो, मग संध्याकाळी साधं व्हॉट्सॲप पण धड चालत नाही.

१. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय.
२. जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज उघडा.
३. मीटर्ड कनेक्शन (म्हणजे इथे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं, मग बहुतेक अपडेट ते आपोआप ओढत नाही) ऑन करा. झालं.

विंडोज १० आणि ११ दोन्हीत चालतं. सेटिंग त्या एकाच नेटवर्कपुरती असते, म्हणजे घरच्या ब्रॉडबँडवर अपडेट येत राहतात (येऊ द्या, सिक्युरिटीचे असतात ते). फक्त वनड्राइव्हचं (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) सिंक, म्हणजे फाईल आपोआप वर जाणं, पण मीटर्डवर थांबतं, त्यामुळे फाईल वर गेलीच असेल असं समजून लॅपटॉप घरी ठेवून निघू नका.