टूडी इकोच्या रिपोर्टमध्ये फक्त पंपिंग बघून थांबू नका

अटॅकनंतर इको झाला की घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, पंपिंग किती आलं? तो ईएफचा आकडा बघा की, पण त्याच्या वरच्या दोन ओळीही बघा. ईडीव्ही म्हणजे डावा खालचा कप्पा पूर्ण भरला तेव्हा आत किती मिली रक्त होतं, आणि ईएसव्ही म्हणजे पंप मारून झाल्यावर किती उरलं. वजाबाकी करून ईडीव्हीने भागलं की आलं पंपिंग.

आता एकाचे आकडे १२० आणि ७२, दुसऱ्याचे २०० आणि १२०. पंपिंग दोघांचंही ४० टक्केच, पण दुसऱ्याचं हार्ट चांगलंच फुगलंय आणि साधारणपणे धोका त्यालाच जास्त. ऑकलंडच्या ग्रीन लेन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या ६०५ पुरुषांचा अभ्यास छापला, त्यात पुढे कोण जगेल याचा अंदाज पंपिंगपेक्षा ईएसव्हीवरून जास्त नीट लागला होता.

मात्र नुसते मिली बघून घाबरायचं नाही, धिप्पाड माणसाचं हार्ट मोठं असणारच. उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ, हा झाला बीएसए, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. १६५ सेंमी आणि ६५ किलोला साधारण १.७३ येतो. ईएसव्हीला त्याने भागा, म्हणजे ७२ चे झाले ४२ च्या आसपास. इकोवर पुरुषांना ३१ आणि बायकांना २४ पर्यंत नॉर्मल धरतात.

तसंच डाव्या वरच्या कप्प्याचं, एलएव्हीआय (त्या कप्प्याचं व्हॉल्यूम भागिले बीएसए) ३४ च्या वर म्हणजे मोठा. हार्टच्या डाव्या बाजूच्या आतलं प्रेशर बराच काळ वाढलेलं असलं की हा कप्पा ताणला जातो, म्हणून तो आकडाही बोलका आहे, फक्त एएफ (ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल किंवा माणूस खेळाडू असेल तर तो तसाही मोठा येतो.

जुन्या रिपोर्टशी तुलना करताना पद्धत एकच आहे ना ते बघा, बायप्लेन सिम्पसन (दोन बाजूंनी कप्पा बघून व्हॉल्यूम काढायची पद्धत) असेल तर उत्तम. एमआरआयमध्ये व्हॉल्यूम इकोपेक्षा जास्तच येतात, ते इकोशी लावू नका, आणि पाच-सात मिलीच्या फरकाने झोपही उडवू नका.

अजून एक, आकडा कमी केला की आयुष्य वाढलं असं सरळ गणित नाही. हार्ट कमजोर झालेल्या पेशंटवरच्या २००९ च्या स्टिच ट्रायलमध्ये बायपाससोबत ऑपरेशन करून कप्पा लहान केला, व्हॉल्यूम उतरलं, पण नुसत्या बायपासपेक्षा मृत्यू काही कमी झाले नाहीत. त्यामुळे "किती वर्षं" याचं उत्तर रिपोर्टमध्ये शोधू नका, डॉक्टरांना एवढंच विचारा की मागच्या वेळेपेक्षा कप्पा वाढतोय की औषधांनी आवरतोय.