भूतानी तांबडा भात आणि एमा दात्शी

भूतानमधील पारोच्या खोऱ्यात पिकणारा तांबडा तांदूळ अर्धवटच पॉलिश केलेला असतो, त्यामुळे दाण्यावर कोंड्याचा काही अंश राहूनही तो पूर्ण कोंड्यासह असलेल्या तांदळापेक्षा लवकर शिजतो. 1 वाटी तांदूळ हलक्या हाताने धुवून अर्धा तास भिजत ठेवावा. जाड बुडाच्या पातेल्यात पावणेदोन वाट्या पाणी व चिमूटभर मीठ घालून त्याला उकळी आणावी, निथळलेला तांदूळ घालून पुन्हा उकळी आली की आच अगदी मंद करावी आणि घट्ट झाकण ठेवून 20 ते 25 मिनिटे शिजू द्यावे. मध्येच ढवळल्यास दाणे मोडून भाताचा गोळा होतो. आच बंद केल्यावर 10 मिनिटे वाफ मुरू द्यावी. तयार भात फिकट गुलाबी व किंचित चिकट दिसतो. शीत बोटाने दाबल्यावर आत कणी लागू नये.

सोबत एमा दात्शी हवीच. झोंगखा भाषेत एमा म्हणजे मिरची आणि दात्शी म्हणजे चीज. येथे मिरची हा मसाला नसून चक्क भाजी असते. उभ्या चिरलेल्या मिरच्या, कांदा आणि लसूण थोड्या पाण्यात मऊ शिजवून त्यावर चीज पसरावे आणि ते वितळेपर्यंत झाकण ठेवावे. तिखट सोसत नसेल, तर जाड सालीच्या, कमी तिखट मिरच्या बिया काढून वापराव्यात.