रविवारची लांब राइड किती लांब असावी? या चुका टाळा

जाम घाटाच्या चढावर, वरचं गेट डोळ्यांसमोर असताना, माझे पाय थांबले. दुखत नव्हते, धापही लागली नव्हती, पण पॅडल पुढे ढकललं जाईना. हातांना कापरं भरलं होतं, बाटलीचं झाकण उघडेना. आमच्या ग्रुपमधले काका मागून येत होते. त्यांनी सायकल माझ्या आडवी घातली. "आधी उतर. हे तोंडात टाक, मग बोलू." तळहातावर गुळाचा खडा आणि चार खजूर. पंधरा-वीस मिनिटं रस्त्याकडेला बसल्यावर समोरचं साफ दिसायला लागलं.

इंदूरच्या राजवाड्यापासून घाटमाथ्यावरचं जाम गेट एका बाजूने पन्नासेक किलोमीटर. तिथून हौसेने घाट उतरून खाली गेलो होतो आणि आता तोच घाट चढत होतो. त्या आठवड्यात मी एकदाच सायकल काढली होती, तीही पाऊण तास. पाऊण तासावरून एकदम साडेसहा तास. इंदुरात दर हिवाळ्यात नवे सायकलस्वार हीच चूक करताना दिसतात, आणि त्यातले कितीतरी फेब्रुवारीपर्यंत सायकल गॅलरीत उभी करतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आठवडा रिकामा, रविवार भरगच्च

सगळ्यात मोठी चूक हीच. "लांब राइड किती असावी?" या प्रश्नाचं उत्तर रविवारात सापडत नाही, ते सोमवार ते शनिवारात असतं. माझा हिशेब असा आहे: मधल्या दिवसांतली तुमची सगळ्यात लांब राइड जेवढी, त्याच्या दीडपट ते दुप्पट रविवारी करा, आणि आठवड्याच्या एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वाटा रविवारला देऊ नका.

मंगळवारी आणि गुरुवारी पाऊण-पाऊण तास होत असेल, तर रविवारी दीड तास. इंदुरातल्या सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या फेऱ्यांमध्ये तो आरामात होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मंगळवारी एक तास, गुरुवारी एक, शनिवारी दीड असं चालू असेल, तर रविवारी अडीच तास. महूला जाऊन यायला पुरे. आठवड्याला आठ-नऊ तास देणाऱ्यानेच चार तासांचा विचार करावा. पाच तासांपुढची राइड पुढे एखादा मोठा पल्ला ठरलेला असेल तरच करावी, एरवी तिच्यातून मिळतं कमी आणि थकवाच जास्त पदरात पडतो.

याचं कारण साधं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण गुडघ्याचे स्नायुबंध, मान, पाठीचा खालचा भाग आणि सीटवर टेकणारी हाडं यांना महिने लागतात. दम पुरतो म्हणून माणूस पुढे जातो आणि गुडघा दुसऱ्या दिवशी त्याची वसुली करतो.

लांबी बरोबर होती की नाही हे मी मंगळवारी पाहतो. मंगळवारी सकाळी नेहमीची राइड नेहमीच्या वेगाने, मन न मारता झाली, तर रविवार बरोबर होता. जिने चढताना मांड्या भरून येत असतील, झोप तुटत असेल, सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद असेल, तर पुढच्या रविवारी अर्धा तास कमी करा.

किलोमीटर मोजणं

दुसऱ्याच्या स्ट्रावावर (राइड नोंदवणारं ॲप) ९० किलोमीटर दिसले की आपलेही ९० व्हावेत असं वाटतं. पण शरीराला किलोमीटर कळत नाहीत. किती वेळ आणि किती जोर, एवढंच कळतं. आपण माळव्याच्या पठारावर राहतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि महेश्वर, नर्मदेच्या काठी, दीडशेच्या आसपास. म्हणजे महेश्वरला किंवा मंडलेश्वरला जाताना आपण चारशे मीटर खाली उतरतो. जाताना सगळं सोपं वाटतं, आणि परतीचा चढ नेमका ऊन वाढल्यावर, पाय थकल्यावर समोर येतो. खंडवा रोडने सिमरोलच्या पुढे घाट उतरणाऱ्यांचंही तेच होतं. उज्जैनच्या रस्त्यावरचे ८० किलोमीटर आणि घाटातले ८० किलोमीटर या दोन वेगळ्या राइड आहेत.

वाऱ्याचंही तसंच. उन्हाळ्यात इथे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो आणि सूर्य वर चढला की जोर धरतो. देवासकडे गेलात तर जाताना तो पाठीशी, येताना छातीवर. तेव्हा त्या दिवसांत धारच्या बाजूला जा, म्हणजे दमलेलं असताना वारा घरी आणून सोडेल. आणि एकंदर वेळ निम्मा होण्याआधीच वळा. घड्याळात ठरलेल्या वेळेचा ४५ टक्के भाग झाला की मी कुठेही असलो तरी सायकल फिरवतो.

थांबे राइडमध्ये धरू नका. साडेपाचला निघून साडेदहाला परतलात, पण त्यातले पावणेदोन तास पोहे, चहा आणि फोटोंत गेले, तर तुमची राइड सव्वातीन तासांची झाली. पुढचा हिशेब त्यावरच करा.

पोह्यांवर विसंबणं

इंदूरची राइड पोह्यांशिवाय पुरी होत नाही, आणि होऊही नये. पण पोटभर पोहे, वर शेव, जिरावण (इंदुरी मसाला) आणि बाजूला जिलबी खाऊन लगेच चढाला लागलात, तर ते तेलकट खाणं पोटातच बसून राहतं. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम साखरेचा साठा असतो. जोर लावून चालवलं तर तो दीड-दोन तासांत तळाला येतो. चरबी भरपूर असते, पण ती हळू जळते, चढावरची तातडीची गरज तिने भागत नाही. मेंदूलाही साखरच लागते. जाम घाटात माझे हात कापले ते यामुळे. मी सकाळी चहा-बिस्किटावर निघालो होतो, महूला पोहे खाल्ले आणि पुढचे तीन तास नुसतं पाणी प्यायलो.

दीड तासापेक्षा लांब राइड असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, साध्या खजुरात पाच-सहा. म्हणजे तासाला एक केळं आणि तीन-चार खजूर. राजगिऱ्याचा लाडू किंवा गुळाची चिक्कीही चालते. भूक लागायची वाट पाहू नका. अर्ध्या तासाने घड्याळ वाजलं की दोन घास खायचेच. पोहे मात्र परतून, इंदुरात शिरल्यावर निवांत खावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लिंबू, मीठ, साखर घालून एक बाटली न्या, दुसरी साध्या पाण्याची. निघताना आणि आल्यावर वजन करून पाहा. ७० किलोच्या माणसाचं दीड किलोच्या आसपास घटलं असेल, तर पाणी कमी पडलं.

पहिल्या तासात जोर

पहाटेची थंड हवा, मोकळा रस्ता, ग्रुपमध्ये पुढे असलेला तरुण. वेग आपोआप वाढतो. लांब राइडमध्ये शेजारच्याला घरची हकीकत अखंड सांगता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य अर्ध्यात तुटतंय म्हणजे वेग जास्त आहे, मग ग्रुप पुढे गेला तरी जाऊ द्या.

दर रविवारी वाढवत जाणं

मागच्या लांब राइडपेक्षा १५-२० मिनिटं वाढवा. तीन आठवडे वाढ, चौथ्या आठवड्यात एक तृतीयांश कपात. दोन तास, दोन-वीस, दोन-चाळीस, मग पावणेदोन. त्या चौथ्या रविवारी मन ऐकत नाही हे मला माहीत आहे, पण ताकद त्याच आठवड्यात अंगी लागते.

२०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची असेल तर त्यासाठी रविवारी २०० किलोमीटर चालवायची गरज नसते. तिला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ताशी पंधराएक किलोमीटर. तीन आठवडे आधी एकदा १२० ते १४० किलोमीटर नीट खात-पीत झाले की तयारी पुरते. त्यानंतर पल्ला कमी करत आणा. आदल्या रविवारी "एकदा बघू तरी" म्हणून शतक ठोकणारे थकलेले पाय घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतात.

दुखलं तर कुठे पाहावं

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा जड गिअरवर रेटणं चाललंय. मागून दुखत असेल तर सीट उंच आहे. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच करा आणि दोन राइड वाट पाहा. हाताची बोटं बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलेलं नाही ना ते पाहा. झुकलं असेल तर शरीराचा भार हातांवर येतो. हँडलवरची पकडही दर दहा मिनिटांनी बदला. सायकल तीच असून दुखणं ठरावीक तासानंतरच सुरू होत असेल, तर पाने-स्क्रू हातात घेण्याआधी राइड त्या तासाच्या आत आणा.

लांबी वाढवायची ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये पाचला निघा, आठच्या आत घरी या, आणि हिवाळ्यातले चार तास दोन-अडीचवर आले तरी चालतील. पावसाळ्यात घाटाचा उतार निसरडा असतो. तेव्हा महूपर्यंत जा आणि तिथूनच वळा.