पायातली हाडं आपल्याच पायावर कशी ओळखायची

गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी टिबिया आत की फिब्युला आत, यात मेडिकलच्या फर्स्ट इयरची पोरं हमखास गोंधळतात, कारण चित्र बघून पाठ करतात आणि चित्रातला पाय उजवा आहे का डावा हेच बघत नाहीत. त्यापेक्षा हाफ पँट घाला आणि स्वतःचाच पाय चाचपा. आधी एवढं पक्कं करा, अंगठ्याची बाजू आतली, करंगळीची बाहेरची. टिबिया अंगठ्याकडे, फिब्युला करंगळीकडे. अर्धं काम इथेच झालं.

वरून सुरू करू. उभं राहा, कमरेखाली मांडीच्या बाहेरून तळहात दाबून धरा आणि पाय आत-बाहेर फिरवा, हाताखाली जो टणक उंचवटा सरकतो तो फीमरचा, म्हणजे मांडीच्या हाडाचा, ग्रेटर ट्रोकँटर. फीमरचं डोकं त्याच्याही आत, खुब्याच्या खोबणीत बसलेलं असतं, ते बाहेरून असं चाचपता येत नाही. डोकं आणि दांडा जोडणारी तिरकी मान असते, म्हातारी माणसं पडली की 'खुबा मोडला' म्हणतात तेव्हा बहुतेकदा ही मान नाहीतर ट्रोकँटरजवळचा भाग मोडलेला असतो. दांडा खाली येताना आत झुकत येतो, म्हणून वरती एवढं अंतर असून गुडघे जवळजवळ.

आता पाय लांब करून जमिनीवर बसा. मांडी ढिली सोडली की गुडघ्याची वाटी बोटांनी डावी-उजवी हलते, मांडी आवळली की जागेवर घट्ट. हीच पटेला, मांडीच्या स्नायूच्या टेंडनमध्ये (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत) तयार झालेलं हाड. तिच्याखाली दोन-तीन बोटांवर एक टेंगूळ लागेल, तिथून नडगीवरून बोट सरळ खाली न्या, थेट आतल्या घोट्यापर्यंत हाड सुटत नाही. हा टिबिया. वर फक्त कातडी, मधे स्नायू नाही, पलंगाचा कोपरा लागला की जीव का जातो ते कळलं असेल.

फिब्युला मात्र लपाछपी खेळतो. गुडघा वाकवा, बाहेरून, त्या टेंगळाच्याच साधारण पातळीवर पण थोडं मागे, गोटीएवढं डोकं सापडेल. जोरात दाबू नका, त्याच्या मानेला वळसा घालून नस जाते, पायाला झिणझिण्या येतील. तिथून खाली हाड पोटरीच्या स्नायूंत गडप होतं ते एकदम बाहेरच्या घोट्याजवळ वर येतं. गुडघ्याच्या सांध्यात याचा भागच नाही आणि वजनही फार थोडं पेलतो, म्हणूनच तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढावा लागला तर याचा मधला तुकडा घेऊन नवीन जबडा बनवतात आणि पेशंट नंतर चालतोही. खालचं टोक मात्र ठेवावंच लागतं, घोटा त्यावर टिकलाय.

दोन्ही घोट्यांच्या टोकांवर एकेक बोट ठेवून बघा, बाहेरचा जास्त खाली आणि जरा मागे असतो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हे विचारतातच. दोघांच्या बेचक्यात टॅलस, त्याला एकही स्नायू चिकटत नाही, आणि त्याच्याखाली टाचेचं कॅल्केनियस. आतल्या घोट्याच्या पुढे किंचित खाली उंचवटा लागतो तो नॅव्हिक्युलर. क्युबॉइड बाहेरच्या बाजूला, तीन क्युनिफॉर्म नॅव्हिक्युलरच्या पुढे, अशी टार्सल (पावलाच्या मागच्या भागातली हाडं) 7, मग मेटाटार्सल (त्यांच्या आणि बोटांच्या मधली लांब हाडं) 5, बोटांची 14 कारण अंगठ्यात दोनच. पावलात 26, वरची चार (फीमर, पटेला, टिबिया, फिब्युला) धरून 30.

पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे टोक लागतं ते पाचव्या मेटाटार्सलचं बूड. पाय मुरगळून आलेल्या माणसाचा घोटा सगळे दाबून बघतात, हेही दाबा, बऱ्याचदा मोडलेलं हे असतं.