रोझा पार्क्स यांचा धडा शिकवताना: ऐकीव कथा आणि पुरावा

अमेरिकेत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिन पाळला जातो आणि अनेक वर्गांत एका गाजलेल्या भाषणातील दोन-चार वाक्यांवर तो उरकतो. खुद्द किंग यांनी १९४७ साली, मोअरहाउस कॉलेजात शिकत असताना, विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात लिहिले होते की पुरावा पारखणे आणि खरे-खोटे निवडणे हे शिक्षणाने शिकवायला हवे. किंग ज्या चळवळीचे नेते होते, त्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचा धडा याच कसोटीवर घ्यावा.

त्यासाठी संपूर्ण चळवळ एका तासात कोंबू नये. एकच घटना निवडावी. बसमध्ये गोऱ्या प्रवाशांसाठी जागा सोडायला लावणाऱ्या वर्णभेदाविरुद्ध अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी पुकारलेला बस-बहिष्कार त्यासाठी उत्तम. ‘दमलेल्या वृद्ध बाईने जागा सोडली नाही आणि आंदोलन पेटले’ ही रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेची कथा विद्यार्थ्यांच्या कानावर बहुधा आलेली असतेच.

प्रारंभी एक प्रसिद्ध छायाचित्र दाखवावे: पार्क्स बसच्या खिडकीतून बाहेर पाहत आहेत आणि मागच्या आसनावर एक गोरा पुरुष बसला आहे. हा माणूस कोण असेल, छायाचित्रकार तेथे आधीच कसा पोहोचला, हे प्रश्न विचारून उत्तरे फळ्यावर लिहावीत. नंतरच सांगावे की छायाचित्र अटकेच्या दिवशीचे नसून २१ डिसेंबर १९५६ चे, म्हणजे बसमधील वर्णभेद संपला त्या दिवशीचे आहे आणि मागचा माणूस वार्ताहर आहे. येथे काही विद्यार्थी ‘मग फोटो खोटा’ असे म्हणून मोकळे होतात. त्यांना थांबवावे. छायाचित्र खरे आहे, त्याला चिकटलेली समजूत चुकीची आहे. हा फरक नीट उमगेपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये, मग त्यात अख्खा तास गेला तरी चालेल.

त्यानंतर तारखा मांडाव्यात. १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली तेव्हा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे सचिवपद त्यांनी सांभाळले होते आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील, कार्यकर्ते घडवणाऱ्या हायलँडर शाळेत त्या प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. त्याच वर्षी २ मार्चला १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनलाही जागा न सोडल्याबद्दल अटक झाली होती. पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीतील प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यांसह रातोरात बहिष्काराची हजारो पत्रके छापली आणि बहिष्कार ३८१ दिवस चालला. ज्या खटल्यामुळे बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, त्यात कॉल्विन फिर्यादी होती, पार्क्स नव्हत्या.

मग कॉल्विनला चळवळीचा चेहरा का केले नाही? तिचे वय, तिची परिस्थिती, समाजात कोणाची बाजू ‘प्रतिष्ठित’ मानली जाई, हे सारे या प्रश्नात येते आणि चळवळीतील नेत्यांवरही टीका होऊ शकते. ती होऊ द्यावी. मात्र वर्णभेद योग्य होता की अयोग्य, असा वादविवाद ठेवू नये; माणसाची बरोबरी दोन बाजूंनी तोलायचा विषय नव्हे. वाद घालायचाच तर बहिष्कार अधिक परिणामकारक ठरला की न्यायालयीन लढाई, यावर घालावा.

मूल्यमापनासाठी पाठ्यपुस्तकातील या घटनेचा उतारा द्यावा आणि प्रत्येक विधानासमोर त्याचा आधार लिहायला सांगावे. आधार न सापडल्यास ‘आधार मिळाला नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण द्यावेत.