सहा फुटी फिश टँक: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

६ × २ × २ फुटांचा (लांबी × रुंदी × उंची) टँक तीन दुकानांत विचारा, तीन वेगळे भाव मिळतील. रिकामे टँक शेजारी शेजारी ठेवले तर तिन्ही सारखेच दिसतात. भावातला फरक काचेच्या जाडीत, कडांच्या पॉलिशमध्ये, सांध्यातल्या सिलिकॉनमध्ये आणि कारागिराने दिलेल्या वेळात लपलेला असतो. फिल्टर, दिवे, वाळू, मासे हे सगळं पुढे बदलता येतं. काच, सांधे आणि स्टँड मात्र एकदाच घेतले जातात, म्हणून बजेटचा मोठा वाटा आधी तिथे गेला पाहिजे.

बजेट कमी पडत असेल तर टँकची उंची कमी करा. काचेची जाडी कमी करू नका.

उंचीचा हिशोब

पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. टँकमध्ये किती लिटर पाणी आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. २ फूट उंच, ६ फूट लांब अशा पुढच्या काचेवर काठोकाठ पाणी भरल्यावर एकूण सुमारे ३४० किलोचा रेटा येतो आणि त्याचा जोर तळाकडे जास्त असतो. जाडी तीच ठेवून लांबी ४ फुटांवरून ६ फूट केली, तर काचेतला ताण साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. त्याच ६ फुटी टँकची उंची २ वरून अडीच फूट केली की ताण सुमारे १.८ पट होतो. अर्धा फूट उंची वाढवल्यावर १२ मिमीवरून १५ किंवा १९ मिमी काचेवर जावं लागतं ते यामुळे, आणि भावही तिथेच उडी घेतो.

काच कधीच नेमक्या मोडण्याच्या ताकदीपर्यंत वापरायची नसते. वरच्या पट्ट्या (टँकच्या वरच्या कडेला आतून आडव्या चिकटवलेल्या आधाराच्या काचा) हिशोबात न धरता ६ × २ × २ ला १२ मिमी काच लावली, तर काचेची मोडण्याची ताकद तिच्यावर येणाऱ्या ताणाच्या साधारण साडेतीनपट असते, ही तिची राखीव. १० मिमीला ती अडीचपटीच्याही खाली येते. बारीक टवका, मुलाने मारलेला चेंडू, स्टँडचा किंचित उतार हे सगळं या राखीवेतूनच वजा होत असतं. ४ × २ × २ लाही १२ मिमीच योग्य, १० मिमी घेतलीच तर वर भक्कम पट्ट्या हव्यात. ४ × १.५ × १.५ ला ८ मिमी जेमतेम पुरते, १० मिमी निर्धास्त.

पुढून मागची रुंदी वाढवल्याने पुढच्या काचेवरचा ताण वाढत नाही. ऑस्कर किंवा अरोवानासारख्या मोठ्या माशाला वळायला रुंदीच लागते. शिवाय अडीच फूट खोल टँकच्या तळाशी बहुतेकांचा हात पोचत नाही, मग दर आठवड्याच्या सफाईला स्टुलावर चढून ओणवं व्हावं लागतं. उंचीचे पैसे वाचवून रुंदीत घालणं हा या खरेदीतला सगळ्यात चांगला सौदा आहे.

कोटेशन कसं वाचायचं

“१२ एमएमचा टँक” म्हणजे कधी कधी फक्त पुढची काच १२ ची आणि बाकीच्या ८ किंवा १० च्या. पुढची, मागची, दोन बाजू, तळ आणि वरच्या पट्ट्या, प्रत्येकीची जाडी वेगळी लिहून मागा. दुकानात जाताना जाडी मोजायला व्हर्नियर कॅलिपर न्या. फ्लोट काचेत (बाजारात मिळणाऱ्या साध्या सपाट काचेत) थोडाफार फरक असतोच, १२ मिमीची काच ११.७ भरली तरी ती बरोबर आहे. ११ च्या आसपास भरली तर नाही.

भाव तपासायचा असेल तर घरीच गणित मांडा. ६ × २ × २ साठी पुढची आणि मागची मिळून २४ चौरस फूट, बाजूंच्या ८, तळाची १२, अशी एकूण ४४ चौरस फूट काच लागते. वरच्या कडेने चारी बाजूंना ३ इंची पट्टी धरली तर आणखी ४. बाजारातल्या काचेच्या दुकानातून १० आणि १२ मिमीचा चौरस फुटाचा दर घ्या आणि ४८ ने गुणा. त्यात पॉलिशचा रनिंग फुटाचा दर, सिलिकॉन, मजुरी, टेम्पो मिळवा. असं केल्यावर १० आणि १२ मिमीमधला खरा फरक रुपयांत कळतो. फिल्टर, स्टँड आणि मासे धरून जो एकूण खर्च होतो, त्यात हा फरक लहान असतो.

माप सरळ फुटांत ठेवा. काचेच्या शीट ठरावीक मापांत येतात. कपाटाच्या खाचेत बसावा म्हणून ६ फूट २ इंचाचा टँक मागितला, तर उरलेल्या तुकड्याचे पैसेही तुमच्याच बिलात येऊ शकतात.

टफन्ड (तापवून कडक केलेली) काच घ्या असं कुणी सुचवलं तर थोडं थांबा. ती मजबूत असते, पण टफन केल्यावर कापता येत नाही आणि भोकही पाडता येत नाही. फुटली की एका क्षणात सगळ्या काचेचा चुरा होतो. साध्या काचेला बहुधा आधी तडा जातो, पाणी झिरपू लागतं, पंप लावून टँक रिकामा करायला वेळ मिळतो. पुरेशा जाडीची साधी फ्लोट काच घरच्या टँकला उत्तम. हिरवी झाक नसलेली अल्ट्रा क्लिअर काच हवी असेल तर ती फक्त पुढे लावा. मागच्या काचेला काळा रंग किंवा फिल्म लागणारच असते, तिथे महाग काचेचा उपयोग नाही.

सांधा जवळून पाहा

चांगल्या सांध्यात दोन काचा एकमेकींना टेकलेल्या नसतात. मध्ये २ ते ३ मिमीचा सिलिकॉनचा सलग थर असतो आणि टँकचं सगळं बळ याच थरात असतं. आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली पट्टी ही वरची राखण आहे. स्वस्त टँकमध्ये काचा घट्ट दाबून चिकटवतात, मधला थर कागदासारखा पातळ होतो आणि आतली जाड पट्टी बघून आपली समजूत होते की काम भक्कम आहे.

मोबाइलचा टॉर्च बाहेरून तिरपा धरून सांधा वरपासून खालपर्यंत पाहा. काळं सिलिकॉन असेल तर ते एकसारखं काळं दिसलं पाहिजे. चंदेरी चकाकणारे डाग म्हणजे तिथे सिलिकॉन काचेला चिकटलेलंच नाही. मोहरीएवढा एखादा बुडबुडा चालतो. बुडबुड्यांची रांग आतून बाहेरपर्यंत गेली असेल तर ती पाण्याची वाट आहे, तो टँक घेऊ नका. नखाने आतल्या पट्टीची कड उचलून बघा. सोललेल्या सालीसारखी उठत असेल तर काच नीट पुसली नव्हती.

सिलिकॉन शंभर टक्के शुद्ध, व्हिनेगरसारखा वास येणारं असावं. वॅकर जीपी या ब्रँडचं सिलिकॉन यासाठी बरंच वापरलं जातं. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन चालत नाही, त्यातलं औषध माशांना घातक असतं. या मापाच्या टँकला सांधे, आतल्या पट्ट्या आणि वरचं ब्रेसिंग (वरच्या काचेच्या पट्ट्या) धरून नुसत्या हिशोबाने सव्वाआठशे मिली सिलिकॉन लागतं. म्हणजे वाया जाणारं धरून सुमारे ३०० मिलीच्या चार ते पाच ट्यूब. “दोन ट्यूबमध्ये होतो” असं उत्तर आलं तर सांधे किती पातळ असतील ते ओळखा. चिकटवल्यावर किमान सात दिवस टँक हलवू नये आणि पाणीही भरू नये. परवा डिलिव्हरी देतो म्हणणाऱ्याला आठवडाभर थांबायला सांगा, त्याला एक पैसा जास्त लागत नाही.

कडांवरून बोट हळूच फिरवा. मशीन पॉलिश केलेली कड गुळगुळीत आणि सपाट लागते. नुसती धार मारलेली कड खरखरीत लागते, पण ती लपणार असेल तर चालेल. टवका उडालेली कड मात्र कुठेच नको, कारण तडा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. बिनपट्टीचा रिमलेस टँक सुंदर दिसतो, पण त्याला जाड काच आणि जास्त नेमकं काम लागतं. पैसे मोजून असतील तर वर चारी बाजूंना पट्टी आणि मध्ये एक आडवी पट्टी घ्या.

स्टँड आणि जमीन

भरलेल्या टँकचं वजन आधी मांडा. पाणी ५८० ते ६०० लिटर, १२ मिमीची काच पट्ट्यांसकट सुमारे १३५ किलो, दोन इंच वाळू ९० किलोच्या घरात, शिवाय स्टँड. बेरीज सव्वाआठशे ते नऊशे किलोपर्यंत जाते आणि ती सगळी १२ चौरस फुटांवर उभी राहते. आपल्याकडे घराच्या खोल्यांसाठी स्लॅबचा वापरभार दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात. तो खोलीभर पसरलेला भार असतो, त्यामुळे टँक खोलीच्या मधोमध कधीच ठेवू नका. ज्या भिंतीखालून बीम जातो तिला लांबीने चिकटून ठेवा. जुनी चाळ, लाकडी तुळयांचा वाडा किंवा बाल्कनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी टँकच्या खर्चातच धरा.

लोखंडी स्टँडला ४० × ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा चौकोनी पाईप आणि सहा पाय घ्या. मधले दोन पाय गाळले की वरचा पाईप मध्ये वाकतो आणि तळाच्या काचेला पीळ बसतो. सांधे पूर्ण वेल्ड केलेले हवेत, नुसते टाके मारलेले नकोत. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत रेड ऑक्साइड आणि वरून रंगाचे दोन हात लागतातच. लाकडी कॅबिनेट असेल तर १९ मिमीचा, आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लाय वापरा आणि उभ्या फळ्या थेट टँकखाली येऊ द्या. वजन फळीवर यावं, स्क्रूवर नाही. पार्टिकल बोर्डचं तयार कॅबिनेट स्वस्त पडतं, पण पाण्याचा ओघळ आत शिरला की ते फुगतं, आणि टँकखाली ओघळ येतोच.

बाजूच्या काचा तळाच्या काचेवर उभ्या आहेत की तळाची काच त्यांच्या आत बसवली आहे, हे विचारून घ्या. तळ पूर्ण टेकणारा असेल तर खाली सपाट प्लाय आणि त्यावर १० मिमीचा अखंड थर्माकोल किंवा फोम. प्लास्टिकच्या चौकटीत तळ अधांतरी असलेल्या टँकखाली फोम घालायचा नाही, चौकट फोममध्ये रुतून तळाची काच उचलली जाते.

पाणसळ लांबीला, रुंदीला आणि कर्णावर लावा. फरक असेल तर स्टँडच्या पायाखाली पाचर द्या. स्टँड आणि टँक यांच्यामध्ये पाचर घालणं म्हणजे काचेला एका बिंदूवर उचलून धरणं.

इतर खर्च

सम्प (टँकखाली ठेवायची फिल्टरची वेगळी टाकी) लावायचा असेल तर भोकं जोडणीआधीच पाडून घ्या. या मापाच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे सुमारे २७ लिटर. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या वाटेच्या) कडेवरचं पाणी खाली उतरतं, सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी हवी, नाहीतर लोडशेडिंगच्या रात्री ते हॉलमध्ये येतं. ५० वॅटचा पंप अखंड चालला तर दिवसाला १.२ युनिट जातात. दिवे, शोभेचा सेट, कॅबिनेटचे दरवाजे नंतर घेता येतील. फिल्टर वापरलेलाही चालतो.

वापरलेला टँक घ्यायचा तर सिलिकॉन दुधाळ झालंय का, कोपऱ्यात सुटलंय का ते पाहा. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही. “वरून एक पट्टी मारून देतो” ही दुरुस्ती टिकत नाही. पूर्ण उकलून पुन्हा जोडायच्या मजुरीसह भाव नव्याच्या जवळ जात असेल तर नवा घ्या.

पक्क्या बिलावर प्रत्येक काचेची जाडी, काचेचा आणि सिलिकॉनचा ब्रँड, पट्ट्या आणि गॅरंटीची मुदत लिहून घ्या. दुसऱ्याच्या स्टँडवर ठेवला तर गॅरंटी राहते का, तेही. सहा फुटी टँक सोसायटीच्या लिफ्टमध्ये बहुधा मावत नाही. ऑर्डरआधी जिन्याची वळणं टेपने मोजा, किमान सहा माणसं धरा. जिना अरुंद असेल तर घरी येऊन जोडणारा कारागीर शोधा.

पाण्याची चाचणी

टँक जागेवर बसला की भरण्याआधी वरच्या कडेला, अगदी मध्यावर पुढून मागचं अंतर मिमीमध्ये मोजून लिहून ठेवा. आधी एक तृतीयांश भरा, तासभर थांबा, तळाच्या सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा. मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. पूर्ण भरल्यावर मध्यावरचं माप पुन्हा घ्या आणि पाण्याच्या पातळीला टेप लावा. किंचित फुगवटा येणारच. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. माप पहिल्या दिवसापेक्षा वाढत चाललं असेल तर त्याच दिवशी पाणी निम्म्यावर आणा आणि दुकानदाराला बोलवा. पातळी काही मिलीमीटर उतरली आणि टिश्यू कोरडाच असेल तर ते बाष्पीभवन आहे, खोलीत पंखा चालू असेल तर ते जास्त होतं. टिश्यू एकाच जागी ओला होत असेल तर ती जागा मार्करने खूण करा, टँक पूर्ण रिकामा करून वाळवा आणि वाळू टाकण्याआधीच बदलून मागा.